रि: रि: स्प्रिंग हाइक – मेमोरियल डे की एप्रिल?

सहल समिती:

नमस्कार मंडळी, पाडव्याचा कार्यक्रम मस्त झाला, आता सहलीचं बघू. यंदा तीच ती पार्कातली क्रिकेट-पिकनिक नको, डोंगरात जाऊ असं बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून आपल्या व्हर्जिनियातलं शेनांडोआ नॅशनल पार्क ठरवतोय, धबधबा आणि रानफुलं, सकाळी निघून रात्री परत. मेमोरियल डेच्या (मे महिन्याचा शेवटचा सोमवार) वीकेंडला सगळ्यांना सुट्टी असते तर तेव्हाच ठेवतोय. काही सूचना असतील तर कळवा, नुसतं "+१" रिप्लाय-ऑल करू नका प्लीज.

हर्नडनहून:

मेमोरियल डे नको हो! मे संपेपर्यंत धबधबेही बारीक झालेले असतात आणि फुलंही बरीचशी संपलेली, आणि गंमत म्हणजे दोन्हीचं कारण एकच, झाडांना पानं येतात. इथली एप्रिलमधली जी फुलं आहेत ना, ब्लडरूट, हेपॅटिका, ट्राउट लिली, ट्रिलियम वगैरे, ती सगळी मोठ्या झाडांच्या पायाशी येतात, वर फांद्या उघड्या असतात तोवर जे काही थोडे आठवडे ऊन जमिनीपर्यंत पोचतं तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, वर सावली धरली की दुकान बंद. पाण्याचंही तसंच, हिवाळाभर झाडं काही पाणी ओढत नाहीत त्यामुळे पाऊस आणि वितळलेलं बर्फ मुरून ओढ्यांना मिळतं, पण एकदा का ओक आणि ट्युलिप पॉप्लर पानांवर आले की ते मुळांतून पाणी खेचून हवेत सोडायला लागतात आणि ओढे रोडावतात. ओव्हरऑल रन हा पार्कातला सगळ्यात उंच धबधबा, ९३ फूट, पण उन्हाळ्यात जाल तर कित्येकदा नुसता ओला कातळ बघून परत यावं लागतं. त्यामुळे माझं मत एप्रिलचा शेवटचा शनिवार.

आता थंडी लांबली तर फुलं मागे पडतात, पण डोंगराचा फायदा असा की वसंत खालून वर चढत जातो, पार्कवाले सांगतात रोज साधारण १०० फूट. म्हणजे दरीत सगळं हिरवं झालेलं असतं तेव्हा वरच्या बिग मेडोजच्या माळावर, साडेतीन हजार फुटांवर, झाडं अजून उघडीच असतात. खाली चुकलं तर वर सापडतं, वर नसेल तर खाली उतरायचं, एका दिवसात दोन्ही ऋतू.

मनॅससहून:

ताई, पटलं. आम्हा सातारकरांच्या डोक्यात धबधबा म्हणजे जुलैचा ठोसेघर आणि फुलं म्हणजे सप्टेंबरचं कास, दोन्हीला पाऊस पाहिजे, इथे एप्रिलात कोरड्या उन्हात दोन्ही मिळतं हे पचायला मला बरीच वर्षं लागली 😀 दोन शंका. एक, आमच्यासारखे बरेच जण असतील ज्यांच्याकडे आई-बाबा आलेले असतात, गुडघे बोलतात, ते काय करणार, दिवसभर गाडीत बसणार का. दुसरं, सगळ्यांनी मिळून मोठी बस केली तर? गाड्या शोधत फिरणं वाचेल.

हर्नडनहून:

काका, बस करायची तर आधी बसवाल्याला उंची विचारा. आपण हायवे २११ वरून थॉर्नटन गॅपच्या गेटने पार्कात शिरणार आणि तिथून दक्षिणेला वळलं की लगेच मेरीज रॉकचा बोगदा लागतो, उंची १२ फूट ८ इंच. शिवाय स्कायलाइन ड्राइव्हवर, म्हणजे पार्कातल्या डोंगरमाथ्यावरच्या मुख्य रस्त्यावर, वेगमर्यादा ३५ मैल, वळणं भरपूर, मागच्या सीटवरची पोरं ओकणार. गाड्याच बऱ्या.

आई-बाबांसाठी लिंबरलॉस्ट ट्रेल आहे, त्याच रस्त्यावर मैलाचा दगड ४३ जवळ, १.३ मैलांचा गोल रस्ता, जवळजवळ सपाट, बारीक खडी दाबून बसवलेली, मधेमधे बाकं. व्हीलचेअर जाते. धबधबा नाही तिथे पण जंगल छान आहे, आणि थकलं की बसता येतं.

बाकीच्यांसाठी डार्क हॉलो फॉल्स, मैल ५०.७. सगळे तिथेच जातात कारण जाऊन येऊन फक्त १.४ मैल, ७० फुटांचा धबधबा. पण नीट ऐका, हा उलटा गड आहे, आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं, ४४० फूट. सिंहगड चढलेल्यांनी हसू नये, जेवणानंतर तर मुळीच करू नये. कुत्र्यांना या ट्रेलवर बंदी आहे, तेव्हा ज्यांच्याकडे आहेत त्यांनी घरी सोय करून यावं. ज्यांना खरंच चालायचंय त्यांनी फिशर्स गॅपवरून रोझ रिव्हर लूप करा, चारेक मैल, ६७ फुटांचा रोझ रिव्हर फॉल लागतो आणि ओढ्याच्या कडेने चालणं असल्यामुळे फुलंही जास्त दिसतात. मला विचाराल तर हाच खरा ट्रेल, डार्क हॉलोला फोटोंसाठीच रांग असते.

कातळावर चढून फोटो काढू नका, शेवाळ असतं. आणि गोचीड! एप्रिल-मे म्हणजे त्यांचाही सीझन, चावले तर लाइम नावाचा आजार होतो, फिकट रंगाच्या पँटी घाला, मोजे पँटवर ओढा, घरी गेल्यावर मुलांचे कान, केस, काखा सगळं तपासा.

फुलं तोडायची नाहीत, देवासाठीसुद्धा नाही, नियमच आहे. ट्रिलियमला बी पडल्यापासून पहिलं फूल यायला सातेक वर्षं लागतात, आणि ते बी पसरवतात मुंग्या, त्यामुळे ते फार लांब जातच नाही. एक ताटवा गेला की गेला. पांढरं फूल जुनं झालं की गुलाबी होतं, दोन्ही रंग एकाच ठिकाणी दिसले तर मुलांना दाखवा.

स्टर्लिंगहून:

आम्ही नवीन आहोत, गेल्या वर्षीच आलो. मुलगा चौथीत आहे, त्याला पास फुकट असतो असं शाळेतून कळलं, ते खरं का? आणि बाळ स्ट्रोलरमध्ये आहे तर डार्क हॉलो जमेल का?

हर्नडनहून:

खरंय, एव्हरी किड आउटडोअर्स म्हणून आहे, आधी वेबसाइटवर नोंदणी करून पास काढून घ्या, तुमच्या गाडीतले सगळे त्यातच येतात. स्ट्रोलर डार्क हॉलोला अजिबात नाही, कॅरियर घ्या नाहीतर लिंबरलॉस्ट. तुम्हाला एवढं लांब नकोच असेल तर एप्रिलच्या मध्यावर बुल रन पार्कात जा, ओढ्याकाठी व्हर्जिनिया ब्लूबेल्सचा नुसता निळा गालिचा असतो, कळ्या गुलाबी आणि फूल निळं. सपाट आहे, चिखल मात्र असतो.

सहल समिती:

ठीक, एप्रिलचा शेवटचा शनिवार पक्का. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाच्या नाचाची तालीम होती ती रविवारी ढकललीय, पालकांनी नोंद घ्यावी, शिव्या समितीला वैयक्तिक मेलवर द्या. सकाळी सहाला निघू, डार्क हॉलोचं पार्किंग लवकर भरतं. जेवण बिग मेडोजच्या पिकनिक ग्राउंडवर, अस्वलं आहेत म्हणून डबे उघडे टाकून कुणीही फोटोला जायचं नाही. फोनला रेंज नसते, नकाशा आधीच डाउनलोड करा. प्रवेश गाडीमागे ३० डॉलर, तेव्हा प्रत्येकाने आपल्या गाडीत किती जागा मोकळ्या ते गुरुवारपर्यंत कळवा.