सीटपोस्ट घसरतोय? आधी माप बघा
सायकलचा सीटपोस्ट (सीटखालची, फ्रेममध्ये जाणारी नळी) घसरतो म्हणून त्याला धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट आणखी आवळा, हा सल्ला निदान कार्बनच्या सीटपोस्टला लावू नका, तडा जाईल. आधी व्यास तपासा. 27.2 मिमीच्या फ्रेममध्ये 27.0 चा सहज जातो आणि मग कितीही आवळला तरी खाली येतो. माप बहुतेकदा सीटपोस्टवरच कोरलेलं असतं. ते बरोबर असेल तर सीटपोस्ट आणि फ्रेमची नळी आतून, दोन्ही पुसून कार्बन पेस्ट लावा. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी टॉर्कवरही, म्हणजे बोल्ट कमी आवळूनही, पकड मिळते.

स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर मात्र ग्रीस हवंच. अधूनमधून बाहेर काढून, पुसून पुन्हा लावायचं. नाहीतर ओलाव्याने दोन्ही धातू असे चिकटतात की शेवटी करवत आणावी लागते. (सीटपोस्टवरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या आत हवी, हे वेगळं सांगायला नको.)