काटोलकडील बरड कुरणात मुरुमाची खदान: नियोजन कसे करावे?

प्रश्न (काटोलचा शेतकरी)

नमस्कार. काटोल तालुक्यात आमची सलग पाच एकर बरड जमीन आहे. वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागत असल्याने तिथे आम्ही कधी पीक घेतले नाही. पावसाळ्यात पवन्या आणि कुसळी वाढते व पुढे गावची जनावरे तिथेच चरतात. सध्या जवळ रस्त्याचे काम निघाले असून एक कंत्राटदार दोन महिन्यांत सगळा मुरूम उचलून नेण्यास तयार आहे. वडिलांचे म्हणणे असे की एकदा खड्डा पडला की त्या जागी पुन्हा गवत उगवणार नाही. घराला पैशाची गरज आहे, पण कुरणही गमवायचे नाही. खोदाई कोठून सुरू करावी आणि माल किती निघेल, हे कसे ठरवावे?

उत्तर (निवृत्त भूवैज्ञानिक, नागपूर)

आपल्या भागात काळ्या पाषाणाच्या झिजेतून मुरूम तयार होतो आणि ही झीज सगळीकडे सारखी नसते. एका जागी तीन मीटर मुरूम लागतो, तर वीस पावलांवर जेसीबीचे दात कठीण दगडावर आपटतात. म्हणून व्यवहार ठरवण्याआधी सुमारे 40 मीटर अंतरावर चाचणी खड्डे घ्यावेत आणि प्रत्येक खड्ड्यात माती किती, मुरूम किती व दगड कोठे लागला, हे मोजून लिहून ठेवावे.

धुऱ्यालगत चारही बाजूंनी 7.5 मीटरचा पट्टा सोडला, तर पाच एकरांच्या चौकोनी तुकड्यातील जवळपास एक एकर त्यातच जाते. उरलेल्या चार एकरांत सरासरी दोन मीटर मुरूम धरल्यास जागेवरचा माल सुमारे 11,400 ब्रास होतो (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), आणि कडांना उतार दिल्यावर तो आणखी थोडा घटतो. खोदल्यावर मुरूम फुगतो, त्यामुळे टिप्परमधील ब्रास आणि जमिनीतील ब्रास एक नसतात. करारात कोणते माप धरले आहे, ते स्पष्ट लिहून घ्या. कडा उभ्या ठेवू नका. उतार 45 अंशांपेक्षा जास्त नको, किंवा दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या पाडाव्यात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या उथळ विहिरींना पाणी याच झिजलेल्या थरातून मिळते. शेजाऱ्यांच्या विहिरीतील पावसाळ्याअखेरची पातळी मोजून खदानीचा तळ तिच्या वरच ठेवा.

उत्तर (पशुपालक)

आपल्या वडिलांची भीती खरी आहे. आमच्या शिवारात एका कंत्राटदाराने माती आणि मुरूम एकत्रच उचलून नेला. त्या खड्ड्यात आजही गवताची काडी नाही. पवन्याचे बी आणि मुळ्या त्या वीतभर मातीतच असतात, म्हणून कुरण वाचवायचे असेल तर नियोजनाची सुरुवात मातीपासून करा.

चार एकरांचे चार पट्टे पाडून दरवर्षी एकच पट्टा खोदावा. कंत्राटदाराला हे आवडणार नाही, पण त्यामुळे उरलेल्या पट्ट्यांवर चराई चालू राहते. उताराच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून वर सरकत जा आणि वरच्या बाजूला पावसाचे पाणी वळवणारा चर काढा. एका एकराची वीतभर माती सुमारे 800 घनमीटर भरते. पहिल्या पट्ट्याची माती बाजूला कमी उंचीच्या ढिगात ठेवून त्यावर गवत पेरा, कारण ती शेवटच्या पट्ट्यासाठी तीन वर्षे थांबणार आहे. दुसऱ्या पट्ट्याची माती मात्र थेट पहिल्या पट्ट्याच्या तळावर पसरता येते. टिप्परच्या चाकांनी तळ दगडासारखा घट्ट झालेला असतो, तो आधी फोडून घ्या, नाहीतर मुळ्या खाली जात नाहीत. माती जूनच्या पावसाआधी पसरून मारवेल गवत आणि स्टायलो हा शेंगवर्गीय चारा पेरा व पहिली दोन वर्षे तिथे जनावरे सोडू नका. एका बाजूचा उतार इतका सौम्य ठेवा की गाय सहज उतरून वर येईल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. परवानगीचे काय? आणि टिप्पर आमच्या पांदण रस्त्यानेच जातील, त्याच्या कडेला शेजाऱ्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत.

उत्तर (निवृत्त भूवैज्ञानिक, नागपूर)

सातबारा आपल्या नावावर असला तरी मुरमासारख्या गौण खनिजासाठी महसूल विभागाची परवानगी आणि रॉयल्टी (सरकारला भरायचे स्वामित्वधन) लागते. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरांखालच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली, तेव्हा अर्ज करतानाच जिल्हा खनिकर्म कार्यालयात तिची चौकशी करा. खोली सहा मीटरांच्या आत, मजूर पन्नासपर्यंत आणि सुरुंग नाहीत, अशा मुरुमाच्या खदानीला खाण अधिनियम, 1952 मधील बहुतेक तरतुदींतून सूट आहे.

धूळ बागांवर बसू नये म्हणून पांदणीवर दिवसातून दोनदा पाणी मारण्याची अट करारातच घाला. संत्र्याच्या आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात; त्या दोन महिन्यांत वाहतूक बंद ठेवण्याचे शेजाऱ्यांना लेखी द्या आणि पहिला टिप्पर येण्याआधी त्यांच्यासोबत एकदा पांदण चालून या.