मदत हवी आहे: होतकरू व्यावसायिकांच्या गोल्फ टूरवरील एका हंगामाचा हिशेब कसा मांडावा?

नमस्कार. मी कोल्हापूरचा आहे. शिवाजी उद्यमनगरात माझे लहानसे मशीन शॉप आहे आणि गोल्फ मी स्वतः कधीही खेळलेलो नाही, त्यामुळे पुढील प्रश्नात काही अडाणीपणा आढळल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. आठवीनंतर तो पुण्यात मामाकडे शिकायला राहिला, तिथे त्याला या खेळाची गोडी लागली आणि पदवी झाल्यावर त्याने व्यावसायिक व्हायचे ठरवले. मुख्य टूरवर (म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांच्या मालिकेत) नियमित प्रवेश मिळेल इतका वरचा क्रमांक क्वालिफाइंग स्कूलमध्ये, म्हणजे टूरच्या प्रवेश-स्पर्धेत, आला नाही, म्हणून गेला हंगाम तो दुसऱ्या फळीच्या टूरवर खेळला. एकूण १० स्पर्धा झाल्या, प्रत्येक ३ फेऱ्यांची, म्हणजे ५४ होलची. दोन फेऱ्यांनंतर कट लागतो, म्हणजे ठरावीक क्रमांकापर्यंतचेच खेळाडू पुढे जातात, आणि कटच्या बाहेर राहिलेल्याला बक्षिसातला एक रुपयाही मिळत नाही. मुलगा ६ वेळा आत राहिला, ४ वेळा बाहेर गेला. त्या चारांपैकी ३ वेळा केवळ एका फटक्याने. पार ७२ च्या (म्हणजे एका फेरीला ७२ फटके अपेक्षित असलेल्या) मैदानावर दोन फेऱ्यांचे साधारण १४४ फटके होतात. आमच्या धंद्यात १४४ नगांत एक नग रिजेक्ट झाला, तर गिऱ्हाईक कुरकुरते, पण उरलेल्या १४३ नगांचे बिल देते. इथे एका नगापायी अख्खा लॉट परत येतो आणि वाहतूकही आपल्याच अंगावर पडते.

खर्चाचा आकडा लपवत नाही. प्रवेश शुल्क, प्रवास, खोली (ती बहुतेक वेळा दोघातिघांत वाटून), कॅडीचा (बॅग वाहणाऱ्या मदतनीसाचा) मेहनताना, घासून गेलेल्या वेजच्या (जवळच्या फटक्यांच्या काठ्यांच्या) जागी नव्या वेज आणि सरावासाठी पुण्याच्या खेपा मिळून ७ लाख ८० हजार रुपये गेले. बक्षिसांचे कर कापून २ लाख ३५ हजार हाती आले. एका ओळखीच्या उद्योजकांनी निम्मा खर्च उचलण्याचे तोंडी कबूल केले होते, परंतु तिसऱ्या स्पर्धेनंतर त्यांचा फोन लागेनासा झाला. लेखी काही घेतले नाही, ही चूक आमचीच.

माझे थोरले बंधू शेती पाहतात आणि तरुणपणी तालमीत रमलेले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की पैलवानाचा खुराकही घर धुऊन नेतो, पण जत्रेच्या फडात कुस्ती बरोबरीत सुटली, तर इनाम निदान दोघांत वाटून मिळते. हा कसला खेळ, ज्यात ऐंशी-शंभर जणांत मधल्या क्रमांकावर येऊनही माणूस रिकाम्या हाताने घरी येतो? मला त्यांना उत्तर देता आलेले नाही.

मी थोडेफार वाचले आहे. अमेरिकेतील दुसऱ्या फळीची कॉर्न फेरी टूर १९९० मध्ये बेन होगन टूर या नावाने सुरू झाली, तेव्हा वर्षअखेरीस पहिल्या ५ जणांना पीजीए टूरचे (तिथल्या मुख्य टूरचे) कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, मिळे. पुढे ही संख्या बदलत गेली, २०२३ मध्ये ३० होती आणि २०२५ पासून २० वर आली. एकाच हंगामात ३ स्पर्धा जिंकणारा तर तिथून थेट वर जातो. आपल्याकडे महूचा ओमप्रकाश चौहान २०२३ मध्ये पीजीटीआयच्या (भारतातील व्यावसायिक गोल्फ टूरच्या) क्रमवारीत पहिला आला आणि त्याला डीपी वर्ल्ड टूरचे (युरोपच्या मुख्य टूरचे) दार उघडले. पण ही सगळी शिखरावरची मोजमापे झाली. क्रमवारीच्या मधोमध असलेला मुलगा पुढे सरकतो आहे की जागच्या जागी पाय मारतो आहे, हे कशावरून ओळखावे? बक्षिसाच्या रकमेवरून, सरासरी स्कोअरवरून (त्याची सरासरी ७२.४ आहे), की आणखी कशावरून? तो स्वतः म्हणतो, की पटिंगने (होलजवळून चेंडू आत ढकलण्याने) घात केला, आठ-आठ फुटांचे पट सतत चुकले. त्यासाठी पावसाळाभर त्याने वर्कशॉपच्या मागच्या खोलीत गालिचा अंथरून पटिंग केले आणि बाहेरच्या शेडमध्ये जाळी बांधून चेंडू मारले. आमच्या लेथच्या आवाजात शेजाऱ्यांना ते निदान कळले तरी नाही.

पुढील हंगामाची नोंदणी महिनाअखेरीस आहे. दुसरा हंगाम खेळावा, की पुण्यात प्रशिक्षकाची नोकरी चालून आली आहे ती घेऊन, पुन्हा हौशी खेळाडू म्हणून स्पर्धा खेळाव्यात, असा पेच आहे. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या मुलांनी असा हंगाम काढला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

काका, मी अशा टूरवर दोन हंगाम खेळलो आहे, म्हणून लिहितो.

आधी पेचाबद्दल. आपण मांडलेला दुसरा मार्ग मुळात एक नाही. पैसे घेऊन गोल्फ शिकवणाऱ्याला सर्वसाधारणपणे हौशी दर्जा राखता येत नाही, त्यामुळे ती नोकरी आणि हौशी स्पर्धा यांतले एकच निवडावे लागेल. हौशी दर्जा परत मिळवायचा असेल, तर अर्ज करून किमान सहा महिने थांबावे लागते. २०२२ च्या नियमांनी हौशी खेळाडूला प्रायोजक घेण्याची मोकळीक दिली आहे, बक्षिसावर मात्र १,००० अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे.

आता मोजमाप. आठ फुटांच्या पटबद्दल चिरंजीवांना एवढेच सांगा, की त्या अंतरावरून पीजीए टूरचे खेळाडूही निम्म्याच्या आसपासच पट घालतात. तो चुकला याचे दुःख करण्यापेक्षा चेंडू आठ फुटांवर का थांबला, चार फुटांवर का नाही, हे शोधायला हवे, आणि त्याचे उत्तर पटरमध्ये नसून आधीच्या फटक्यात असते. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी याच विचारातून ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही प्रत्येक फटका सरासरीपेक्षा किती चांगला किंवा वाईट होता ते मोजणारी पद्धत विकसित केली आणि पीजीए टूरने २०११ मध्ये ती आधी पटिंगसाठी स्वीकारली. प्रत्येक फटक्यापूर्वी होल किती दूर होता आणि चेंडू कशावर होता (फेअरवेचे छोटे गवत, रफचे उंच गवत, बंकरची वाळू की होलभोवतीचे ग्रीन), एवढी नोंद दहाही स्पर्धांची काढली, तर फटके नेमके कुठे गळतात ते दिसू लागते. माझ्या बाबतीत मीही पटिंगलाच दोष देत होतो. गळती निघाली होलपासून १०० ते १५० यार्डांवरून मारलेल्या फटक्यांत.

सरासरी स्कोअर मैदानानुसार फसवते. तो त्या दिवशीच्या सगळ्या खेळाडूंच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली होता, ते फेरीगणिक काढा आणि हंगामाचा पहिला अर्धा भाग दुसऱ्याशी ताडून पाहा. बक्षिसाच्या रकमेवरून काहीही ठरवू नका. एका चांगल्या आठवड्याने ती दुप्पट होते.

आणखी एक. व्यावसायिक गोल्फ हा त्याचा व्यवसाय आहे, तेव्हा खर्चाच्या सगळ्या पावत्या घेऊन सीएकडे जा. विवरणपत्र मुदतीत भरले, तर व्यवसायातील तोटा पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो. मी पहिल्या वर्षी पावत्या फेकून दिल्या होत्या.

धागाकर्त्याचे उत्तर

आपला फार आभारी आहे. पावत्या आहेत, आमच्या हिने वर्षभर बिस्किटांच्या डब्यात साठवल्या होत्या. मुलाच्या यार्डेज बुकांमधून (मैदानावरील अंतरे टिपण्याच्या वह्यांमधून) ७ स्पर्धांच्या नोंदी निघाल्या, उरलेल्या तिन्हींचे एकेक होल त्याने दोन रात्री जागून आठवून लिहिले. आपण सांगितल्याप्रमाणे दिवसाच्या सरासरीशी ताडले, तेव्हा पहिल्या पाच स्पर्धांत तो फेरीमागे साधारण एक फटका मागे होता आणि शेवटच्या पाच स्पर्धांत जवळपास बरोबरीत. बंधूंना हा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि काही न बोलता परत दिला.

गळती आमच्याकडेही १०० ते १५० यार्डांतच दिसते आहे, परंतु जाळीत मारलेला चेंडू किती लांब गेला असता, हे कळत नाही. महागडे यंत्र न घेता या अंतराचा सराव घरच्या घरी कसा करून घ्यावा, हे कुणी सांगू शकेल काय?