नुसती कलाकारांची गर्दी म्हणजे कॉमेडी नव्हे
या नव्या विनोदी सिनेमात एवढे कलाकार एकत्र आले म्हणजे धमाल असणारच असं तुम्ही म्हणताय, पण मला नाही पटत. माझ्या सगळ्यात आवडत्या दिग्दर्शकाचा सिनेमा म्हणून मी फोंड्याहून बस पकडून पणजीला पहिल्याच शोला गेलो आणि खरं सांगतो, इंटरव्हललाच जीव खट्टू झाला. दहा जण एका खोलीत उभे, एक बोलतोय आणि बाकीचे नऊ आपल्या डायलॉगची वाट बघत नुसते ताटकळलेत! १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त भाड्याचं घर मिळावं म्हणून चौघा पुरुषांपैकी दोघं बायका बनतात आणि ते एक खोटं सांभाळताना चौघांचीही तारांबळ उडते, म्हणून जो गप्प बसलाय त्याच्याकडे बघूनही हसू फुटतं. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात हौशी पोरंसुद्धा एवढं सांभाळतात हो. तरी माझ्या त्या आवडत्या दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमा मी पहिल्याच दिवशी बघणार.