'औट घटकेचा' की 'आऊट घटकेचा'? एकाच गाण्याने गाजलेल्या गायकाला काय म्हणावं?

जुनी तबकडी: दिवाळी अंकासाठी कार्ल डग्लसवर लिहिते आहे. त्याचं 'कुंग फू फायटिंग' १९७४ साली ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या नंबरावर गेलं. गायक मूळ जमैकाचा, निर्माता आपल्या बेंगळुरूहून लंडनला गेलेला बिद्दू ('आप जैसा कोई'वाला). आणि गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला भरती म्हणून केलेलं! मी डग्लसला 'औट घटकेचा राजा' म्हटलं. मुद्रितशोधनातून परत आलं ते 'आऊट घटकेचा राजा' होऊन. समासात शेरा, 'म्हणजे बाद झालेला ना?' औट म्हणजे साडेतीन, असं कळवलं तर उत्तर आलं की वाचकाला समजणार नाही, 'वन हिट वंडर'च ठेवा. मला मराठी शब्द हवा आहे.

कऱ्हाडकर: ताई, औट म्हणजे साडेतीनच. आजोबा पायरीवर बसून, बोटांची पेरं मोजत आमच्याकडून औटकी म्हणून घ्यायचे. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. घटका २४ मिनिटांची, म्हणजे औट घटका ८४ मिनिटं. तुमचा शब्द अजिबात बदलू नका.

शब्दवेडी: साडेतीन मान्य, पण त्या शब्दात हेटाळणी आहे. औट घटकेचा राजा म्हणजे योगायोगाने गादीवर बसलेला. ज्याचं गाणं पन्नास वर्षांनी आपण शोधून ऐकतो, त्याला हे का म्हणायचं? राम एकवचनी, एकपत्नी, एकबाणी. तसा 'एकबाणी गायक' म्हणा.

कऱ्हाडकर: रामाला दुसरा बाण लागत नव्हता. डग्लसने लगेच 'डान्स द कुंग फू' काढलं, ते पहिल्याच्या जवळपासही पोचलं नाही. दुसरा बाण सोडला आणि तो चुकला, मग एकबाणी कसा?

ओसाकावासी: मुळात ही कल्पनाच देशागणिक बदलते. क्यू साकामोतोचं 'सुकियाकी' १९६३मध्ये अमेरिकेत पहिलं आलं, तेही जपानी भाषेत. सुकियाकी हा मांसाचा पदार्थ, गाण्याशी काही संबंध नाही. खरं नाव 'उए ओ मुइते अरुको', डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालू या. अमेरिकेच्या लेखी तो एका गाण्याचा, जपानमध्ये मात्र केवढा मोठा गायक! माझ्या शेजारच्या आजी भांडी विसळताना त्यातली शीळ अजून घालतात. त्यांना 'औट घटकेचा' सांगून बघा.

बेंजो: 'एका गाण्याचा गायक' म्हणा, विषय संपला. आणि हिट मराठीच झालाय आता. वरातीत आम्हाला 'एखादं हिट वाजवा' असंच सांगतात.

शब्दवेडी: 'गाजलेलं' असताना हिट कशाला? संस्कृत गर्ज्, प्राकृत गज्ज, त्यावरून गाजणे. शब्दातच आवाज आहे. सावरकरांचा 'दिग्दर्शक'ही एकेकाळी लोकांना जड वाटला असेल, आज कोणाला अडतो?

बेंजो: खटला गाजतो, घोटाळा गाजतो, निवडणुकीची सभा गाजते. हिट होतं ते गाणं नाहीतर सिनेमा. फरक आहे ताई, दोन्ही शब्द लागतात.

जुनी तबकडी: शब्दवेडी, हेटाळणीचं म्हणणं पटलं. मला डग्लसला कमी लेखायचं नाही. पण तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. 'औट मिनिटांचा राजा' म्हटलं तर? तेवढा वेळ राज्य खरंच त्याचं असतं, आणि सुई पुन्हा ठेवली की परत मिळतं.

शब्दवेडी: हे सुंदर आहे. पण औटला पुन्हा आऊट करतील.

कऱ्हाडकर: करू देत, आपण पुन्हा औट करू. औट आला 'अर्धचतुर्थ'वरून, चौथा अर्धा.

ओसाकावासी: मग साडेतीन मुहूर्त, साडेतीन शहाणे, साडेतीन शक्तिपीठं, इथे औट का नाही?

कऱ्हाडकर: अभंगांत देह औट हातांचा येतो की. मुहूर्तांचं मात्र बघायला हवं. कोणाच्या घरी जुनी अंकलिपी आहे का? औटकीचं पान हवं आहे, मला चौदाच्या पुढे अडखळायला होतं.