कॅसिनो आणायचाच तर सिंगापूर बघा
वर एकांनी लिहिलंय की आपल्या लोकांचा पैसा गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर जातोच आहे तर इथे महाराष्ट्रातच कॅसिनो काढा आणि टॅक्स घ्या, मला हे अर्धंच पटतं. आपला १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये रद्दच केला. नव्याने करायचा तर सिंगापूर बघा ना, २०१० मध्ये दोन मोठे रिसॉर्ट उघडले, हॉटेलं, कन्व्हेन्शन सेंटर, थीम पार्क सगळं, आणि तिथल्या नागरिकांना कॅसिनोत शिरायलाच एका दिवसाचे १०० सिंगापूर डॉलर, २०१९ पासून १५०! टुरिस्टला मात्र फुकट. आपल्याकडे पुण्या-मुंबईचेच लोक खेळणार असतील तर पैसा नवीन कुठे आला, सिनेमा-हॉटेलातलाच तिकडे वळला, वर घरंही कर्जात जातील. तसली एन्ट्री फी कायद्यात असेल तर माझा पाठिंबा, नाहीतर नाही.