पावसाळा सरला, थंडी आली: क्लासिक ३५० चं आधी काय उघडायचं, नवीन काय घालायचं? (खानापूर–बेळगाव)

खानापूर_३५०

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली, ४८ हजार किलोमीटर झालेली. रोज खानापूर ते बेळगाव जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, शिवाय महिन्यातून दोनदा जांबोटीवरून चोर्ला घाट. जून ते सप्टेंबर भर पावसात चालली, उघडून काहीच बघितलेलं नाही. आता आठ-दहा दिवस उभी ठेवता येते.

लक्षणं अशी: सकाळी चोक ओढूनही तिसऱ्या-चौथ्या बटणाला सुरू होते. हँडल सरळ करताना मधोमध खाच लागते. पुढचा ब्रेक स्पंजसारखा लागतो. रात्री हेडलाइट पिवळट.

बजेट १५ हजार. डोक्यात आहे ते: एलईडी फॉग लाइटची जोडी, मागे १३० चा टायर, मोकळा सायलेन्सर. यातलं काय करू, काय सोडू?

उद्यमबाग_लेथ

तुमची यादी उलटी धरा. आपल्याकडची थंडी गाडीला काही करत नाही, चार महिन्यांचं पाणी करतं. आणि ते पाणी कुठे बसलंय ते थंडीतच कळतं, कारण तेव्हा सवडीनं उघडता येतं.

पहिलं काम कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती वरची-खालची बेअरिंगं. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटानं हळू फिरवा. सरळ रेषेत अडकतं म्हणजे रेसवर (बेअरिंगच्या गोळ्या ज्या कड्यात फिरतात त्यावर) गोळ्यांचे ठसे उठलेत. अशा वेळी वरचा नट घट्ट-सैल करून काही होत नाही. नुसत्या गोळ्या बदलूनही नाही. वरच्या-खालच्या दोन्ही रेससकट अख्खा सेट बदलायचा. टेपर रोलरचा सेट मिळाला तर तो घ्या. गोळीचा भार एका ठिपक्यावर येतो, रोलरचा रेषेवर, म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यावर ठसे उशिरा उठतात.

फ्रेममधली जुनी रेस निघत नसेल तर छिन्नी-हातोडी चालवून बसायची जागा खराब करू नका. रेसच्या आतल्या बाजूनं वेल्डिंगचा एक पातळ टाका फिरवायला सांगा. गार होताना रेस आकसते आणि जवळजवळ हातानं निघते. त्याआधी बॅटरीच्या वायरी काढून ठेवा. नवीन रेस ठोकायला जुनीच रेस बाहेरून थोडी घासून घ्या. फुकटचं हत्यार होतं. रेस तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द होता तो टणक होतो.

ग्रीस पाण्याला टिकणारं हवं: लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट, घट्टपणाच्या एनएलजीआय मोजणीत २ नंबरचं. खालच्या बेअरिंगला हात सैल सोडून भरा, चाकाचा चिखल तिथेच उडतो. नट असा आवळा की हँडलला बोट लावलं तर ते आपल्या वजनानं दोन्हीकडे पडलं पाहिजे, पण फोर्कचे पाय धरून पुढे-मागे ओढले तर 'टक' होता कामा नये. पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बघायचं. रेस बसते आणि थोडी ढिलाई येतेच.

दुसरं, चाकं. क्लासिकच्या रिमला तारा आहेत, म्हणजे पाणी निपलमधून (तार रिमला आवळणाऱ्या नटातून) आत जातं आणि ट्यूबखालच्या रबरी पट्टीत साठतं. बाहेर क्रोम चकचकीत आणि आत गंज, असं सर्रास असतं. दोन्ही टायर उतरवा, पट्टी फेकून नवी घ्या, आतला गंज तारेच्या ब्रशनं काढून प्रायमर मारा. तारा एकेक करून पान्यानं वाजवा. जी बद्द वाजते ती सैल. चार-पाचाहून जास्त सैल निघाल्या तर सगळ्या घट्ट करून रिमचा आउट (डुगडुग) काढून घ्या. नुसत्या सैल तेवढ्या आवळल्या की रिम एका बाजूला ओढली जाते.

चाक हातात आहेच तर बेअरिंगची आतली रिंग बोटानं फिरवा. खरखर लागली तर बदला. रिंगेवर नंबर कोरलेला असतो, तो लिहून घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा आणि दोन्हीकडून रबरी सील असलेलं, म्हणजे नंबरामागे '२आरएस' असलेलं मागा. 'झेडझेड'ला पत्र्याचं झाकण असतं, ते धूळ अडवतं, पाणी नाही. बसवताना ठोका बाहेरच्या रिंगेवरच. आतल्या रिंगेवर ठोकलंत तर नवं बेअरिंग घरीच मेलं.

तिसरं, स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा हलता दांडा. पिन बाहेर काढा, गंज पॉलिश पेपरनं काढून ग्रीस लावा. मागचं चाक काढलेलं असतानाच हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) रबर बघा. ॲक्सिलरेटर सोडताना-देताना धक्का बसतो तो बहुतेक वेळा यांचाच असतो आणि दोष चेनला दिला जातो.

धुताना एक पथ्य. प्रेशरचा फवारा हब, कोन सेट आणि स्विंगआर्मच्या टोकांवर सरळ धरायचा नाही. पावसानं जेवढं पाणी आत जात नाही तेवढं दहा मिनिटांच्या वॉशिंगनं जातं.

कार्ब_आणि_काजळी

सकाळच्या सुरुवातीबद्दल. पायलट जेट (कार्बोरेटरमधलं आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक) तुंबलेलं असणार, पण त्याच्या जोडीला आताचं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल धरा. २०१५ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटमधून जाणारं मिश्रण आपोआप पातळ होतं. नव्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ते भरून काढतो, कार्बोरेटरला कोण सांगणार? (आपण उसाच्याच पट्ट्यात राहतो, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची.)

क्रम असा. टाकीच्या कॉकची जाळी काढून साफ करा. फ्लोट बाऊलचा (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे, टाकी पूर्ण रिकामी करायची. मग पायलट जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवा मारा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग काही केल्या सूर लागत नाही. बाऊलचं सील, ओ-रिंगा आणि पेट्रोलची नळी बदला, नळी इथेनॉल चालणारीच मागा. जुनी रबरं फुगतात, मग कडक होऊन चिरतात.

जोडल्यावर इंजिन पूर्ण तापवून मिश्रणाचा स्क्रू लावा. आधी आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा, मग परत तेवढाच बाहेर आणा. तिथून पाव-पाव फेरा बाहेर. आयडलिंग सगळ्यात चढं आणि एकसारखं लागेल तिथे थांबा. प्लगचं पोर्सेलीन फिकट विटकरी हवं. खडूसारखं पांढरं म्हणजे अजून पातळ, काळी भुकटी म्हणजे जाड. या इंजिनला दोन प्लग आहेत, दोन्ही बघा. दुसरा वर्षानुवर्षं कुणी काढतच नाही.

टॅपेटच्या (व्हॉल्व्हच्या फटीच्या) फंदात पडू नका. यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ॲडजस्ट करण्यासारखं काही नाही.

एअर फिल्टर कागदी असेल तर बदलाच. जांबोटीची तांबडी माती मैद्यासारखी बारीक असते, झटकून निघत नाही, आणि बाहेरून हवा मारली तर घड्यांत आणखी खोल बसते.

केए२३_चिकोडी

लाइटचं बोलतो, कारण नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे हाच जीवनमरणाचा विषय. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वर ऊस बाहेर लोंबलेला. लांबचा झोत नाही दिसला तर थेट त्यातच.

पण फॉग लाइट नंतर. आधी मल्टीमीटर घ्या, इंजिन थोडं रेस करून हेडलाइट लावा आणि दोन ठिकाणी व्होल्ट मोजा: बॅटरीच्या टोकांवर आणि बल्बच्या होल्डरवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर करंट स्विचमध्ये आणि गंजलेल्या कपलरमध्ये जिरतोय. ६०/५५ वॅटच्या बल्बला ५ अँपिअर लागतात, ते सगळे हँडलवरच्या स्विचमधून जातात.

उपाय म्हणजे दोन रिलेची (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचांची) हार्नेस, म्हणजे वायरींचा संच, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज, पुढे अडीच चौरस मिलिमीटरची वायर, अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. जुन्या स्विचनं मग फक्त रिले चालवायचा. तेवढ्यानंच हेडलाइट पांढरी होते. क्लासिकच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालू नका. त्याचा उजेडाचा बिंदू जुन्या फिलामेंटच्या जागेशी जुळत नाही, झोत फुटतो, समोरचा आंधळा आणि रस्ता अंधारातच.

टायर_नंबर_बघा

मागे ११०/९०-१८ आहे, तोच ठेवा. १३० घातला तर अरुंद रिमवर बाजू आत चिमटल्या जातात, माथा उगाच गोल होतो, टेकणारा भाग उलट कमी होतो आणि गाडी वळायला जड होते. चेन आणि चेनकव्हरला घासण्याची शक्यता वेगळीच. साखर कारखान्यांच्या रस्त्यावर पाचटावर घसरायचं तर १३० सुद्धा तेवढाच घसरतो. नवीन घेताना बाजूचा चार आकडी शिक्का वाचा: '१८२५' म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. हवा सकाळी, गाडी काढण्याआधी मोजा.

घाट_उतार

मोकळ्या सायलेन्सरवर पैसे घालवू नका. आधीच इथेनॉलनं मिश्रण पातळ. मोकळा सायलेन्सर लावला तर आणखी पातळ, पाइप निळा पडतो, ॲक्सिलरेटर सोडला की फाटफाट. शिवाय आवाजाला मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं, आणि चोर्ल्याला जाताना तुम्ही कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा अशा तीन राज्यांच्या पोलिसांसमोरून जाता!

तो पैसा ब्रेकवर लावा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरड्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी ओढलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो. घाट उतरताना सलग ब्रेक धरला की त्यात वाफ होते आणि लिव्हर मुठीला टेकतो. दर दोन वर्षांनी बदलायचं. मास्टर सिलेंडरच्या (हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या) झाकणावर लिहिलेलंच ऑइल घ्या, सीलबंद छोटी बाटली. उघडी राहिलेली बाटली वापरायची नाही. जुनं काळं ऑइल ब्लीड निपलमधून, लिव्हर दाबून-धरून-निपल उघडून-बंद करून-मग लिव्हर सोडून, असं स्वच्छ येईपर्यंत काढा. डबीतली पातळी तळाला जाऊ देऊ नका, हवा आत घुसते. थेंब पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर पडला तर लगेच पाण्यानं धुवा. कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस रबर फुगवतं.

खानापूर_३५०

फार उपकार. रविवारी मोजलं. रात्रभर उभी असताना बॅटरी १२.३ व्होल्ट. रेस करून चार्जिंग १३.९. हेडलाइट लावल्यावर बॅटरीवर १३.१, होल्डरवर ११.७. दोन्ही प्लग पांढरे. पेट्रोलच्या बाटलीत थर नाही. आणि ऑइल: थंडीसाठी इंजिनात १५डब्ल्यू५० ऐवजी पातळ घालू का?

केए२३_चिकोडी

१.४ व्होल्ट वाटेत जिरतायत. बल्बचा उजेड व्होल्टच्या साधारण साडेतीन घाताच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तुमचा सुमारे एक तृतीयांश उजेड वायरिंगनं खाल्लाय. रिले हार्नेस घालाच की. फॉग लाइटची गरज त्यानंतर आठवडाभर चालवून ठरवा. घ्यायच्याच तर २० वॅटच्या दोन म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. सगळं लावून रेस केल्यावर बॅटरीवर १३ च्या खाली जाता कामा नये. पिवळ्या घ्या, तोंड खाली आणि डावीकडे.

कार्ब_आणि_काजळी

१२.३ म्हणजे बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली. १४ अँपिअर-तासाची आहे, तेव्हा १.४ अँपिअरच्या चार्जरवर भरून घ्या. चार्जर काढून रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ च्या वर टिकली तर ठीक, १२.४ च्या खाली आली तर नवीन. सकाळच्या त्रासात अर्धा वाटा हिचाच निघेल. प्लग दोन्ही पांढरे आहेत, तेव्हा जेट साफ करून आणि स्क्रू लावूनही रंग बदलला नाही तर पायलट जेट एक नंबर मोठं घ्या.

उद्यमबाग_लेथ

ऑइल १५डब्ल्यू५० च ठेवा. '१५डब्ल्यू'ची सुरुवातीची चाचणी उणे २० अंशाला घेतात. आपल्या जानेवारीच्या पहाटेला ते घाबरत नाही. फक्त बाटलीवर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा शिक्का) असल्याची खात्री करा. कारचं ऑइल घातलं तर क्लच त्याच तेलात असल्यानं घसरतो.

बदलताना इंजिन कोमट करून, मधल्या स्टँडवर, दोन्हीकडचे ड्रेन बोल्ट आणि खालची जाळी काढा. तांब्याचे वायसर नवे. फिल्टर काढल्यावर जुनी ओ-रिंग आत चिकटून राहिली आहे का ते टॉर्चनं बघा. तिच्यावर दुसरी बसली की ऑइल फिल्टरला वळसा घालून जातं. अडीच लिटर आणा, पण आधी दोनच ओता. दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि उजवीकडच्या काचेत बघत खुणेपर्यंत भरत जा. गाडी बाजूच्या स्टँडवर असताना ती काच बघू नका. तिथली पातळी खोटी असते आणि मग अर्धा लिटर जास्त ओतलं जातं.